पाणी येत नाही, आहे

होनमानेकाकू गेल्या. गेल्या म्हणजे वारल्या नाहीत, केरळात त्रिशूरला लेकीकडे राहायला गेल्या. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या कॉलनीत हल्ली ज्या सुरात ही बातमी सांगतात, त्यावरून नवख्या माणसाला बाईंचं काहीतरी बरंवाईट झालं असंच वाटेल. परवा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एक बाई म्हणाली, "ह्या वयात नवऱ्याला टाकून गेली की हो!" मी तिथेच उभी होते. हातातली साखरेची पिशवी तिच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. घातली नाही, पण घरी येईपर्यंत कानशिलं तापलेली होती. ती अजून निवलेली नाहीत, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी लग्न होऊन या कॉलनीत आले तेव्हा काकूंनी मला माझं नाव विचारलं नाही, माहेर विचारलं नाही. त्या समोरच्या घराच्या जिन्यात उभ्या होत्या, पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर निळ्या पाइपचं वेटोळं. माझ्याकडे वरून खाली बघत म्हणाल्या, "नवी हाईस व्हय? पिंपं किती हायती तुज्याकडं?"

मी म्हटलं, "एक."

"एक!" त्यांनी कपाळावर हात मारला. "सासूला म्हनावं, सून आनलीस, पिंप कोन आननार?" दुसऱ्या दिवशी त्या मला नवी पेठेत घेऊन गेल्या. मला वाटलं बांगड्या भरायला चाललो आहोत. आम्ही भांड्यांच्या दुकानात गेलो आणि दुकानदाराशी भांडून, झाकण घट्ट बसतं की नाही ते चारचारदा बघून, एक भलंमोठं पिंप रिक्षात घालून परत आलो. सोलापुरातली माझी पहिली खरेदी ती.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. कधी तीन दिवसांआड, कधी चार, कधी त्याहूनही लांबतं. ज्या दिवशी येतं तो 'पाण्याचा दिवस'. साखरपुडा असो, दवाखाना असो, माहेरी जाणं असो, सगळं त्या दिवसाच्या अलीकडे नाहीतर पलीकडे ढकलायचं. मी ज्या शाळेत शिकवते तिथं उशिरा आलेल्या मुलानं 'आज आमच्यात पाणी होतं' म्हटलं की आम्ही पुढे एक शब्द विचारत नाही. आणि वर आम्ही या सगळ्याचं कौतुक करतो. पाहुण्यांना हसत हसत सांगतो, सोलापूरकराला पाण्याची किंमत कळते बरं का. मला त्या हसण्याची चीड येते. किंमत कळते खरी, पण ती कोणाच्या कमरेतून वसूल होते ते कोणी सांगत नाही.

काकूंचं माहेर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणाऱ्या घरातलं. त्यामुळे असेल, पण त्यांनी घरातल्या प्रत्येक भांड्याला नाव ठेवलं होतं. काठ चिरलेलं निळं पिंप म्हणजे कानफाटी. बुडातून पाझरणारी घागर म्हणजे रडवी. एक बुटका पितळी हंडा होता, तो लंगडा बोकड. पाणी जाऊन नळाचा खरखर आवाज थांबला की त्या दारात उभ्या राहत, सगळ्यांवरून एकेक करत बोट फिरवत आणि म्हणत, "आली सगळी." मग पदरानं मान पुसत खाली बसत.

पाहुण्याला त्या अर्धा पेला पाणी देत. माझा मावसभाऊ पुण्याहून आला होता, त्याला घेऊन मी त्यांच्याकडे गेले. त्यानं अर्ध्या पेल्यातलंही निम्मं तसंच ठेवलं. काकू पेला उचलेनात.

"प्या की ते. टाकून कुटं चाललाव?"

तो हसला. काकू हसल्या नाहीत. शेवटी त्यानं उभ्या उभ्या ते संपवलं. खाली आल्यावर मला म्हणाला, "काय विचित्र बाई आहे!" मी त्याला म्हटलं, "एक भरली घागर हा जिना चढून वर ने, आणि मग ठरव कोण विचित्र ते."

काकूंचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुठलाही विषय काढा, लेकीच्या लग्नाचा, कुणाच्या आजारपणाचा, भिशीचा, त्या म्हणायच्या, "पानी गेल्यावर बोलू." आम्ही बायका त्यावर हसायचो. एकमेकींना चिडवायचोसुद्धा. नवऱ्यानं काही मागितलं की म्हणायचं, पाणी गेल्यावर बोलू. त्या वाक्याचा उगम कुठे आहे हे मला फार उशिरा कळलं.

आता काकांविषयी. होनमानेकाका एसटीतून निवृत्त झाले आणि कॉलनीचे सेक्रेटरी झाले. त्यांना दुसरं काही नको होतं. कुठल्या गल्लीचा व्हॉल्व्ह कधी उघडतो, आज दाब कमी का, उद्या येणार की परवा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. पाणी सुटलं की चपला न घालता रस्त्यावर येऊन ओरडत, "आलं होऽऽ, आलं!" माणूस हाडाचा प्रामाणिक. कुणाचा कपभर चहा फुकट प्यायचे नाहीत. मला त्यांचा राग येतो तो ते वाईट होते म्हणून नव्हे. वाईट असते तर किती सोपं झालं असतं!

त्यांचा सगळा लढा मोटारींशी होता. नळाला थेट मोटार लावून पाणी ओढलं की शेजाऱ्यांचे नळ कोरडे पडतात. कोपऱ्यावर एकानं नवा बंगला बांधला आणि अशी मोटार बसवली. काका त्याच्याकडे जाऊन नीतीवर बोलून आले. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि मोटार चालूच ठेवली. पुढच्या पाण्याच्या दिवशी काकू तिथं गेल्या. काही न बोलता पिन उपटली, पदर आवळला आणि त्या मोटारीवर चक्क बसल्या.

बंगलेवाला धावत आला. "अहो बाई, हे काय करताय?"

"बसलीया. दमले. तुजी मोटार काय झिजती व्हय मी बसल्यानं?"

पाणी जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. त्या दिवशी आमच्या अख्ख्या गल्लीला धो धो पाणी आलं. काका आनंदानं दारोदार सांगत फिरत होते. आणि होनमान्यांच्या घरातली सगळी भांडी मात्र कोरडी राहिली, कारण ती भरणारी बाई मोटारीवर बसली होती आणि काकांच्या डोक्यात ते आलंच नाही. संध्याकाळी काकू माझ्याकडे कळशी घेऊन आल्या. काकांनी ही गोष्ट नंतर कितीतरी वर्षं सांगितली. सांगताना म्हणायचे, "आम्ही त्याची मोटार बंद पाडली." आम्ही!

होनमाने वरच्या मजल्यावर राहायचे, खाली भाडेकरू. नळाला दाब नसल्यामुळे पाणी वर चढायचं नाही. अंगणात एक छोटा हौद बांधून, हौदातलं पाणी मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढवता आलं असतं. त्यात कुणाचंच पाणी चोरलं जात नाही, निम्म्या कॉलनीनं तसंच केलं आहे. रूपाली, त्यांची एकुलती एक मुलगी, कितीदा म्हणाली, बाबा, हौद बांधून घ्या. काका म्हणायचे, "लोकांना काय कळतंय, हौदावरची मोटार की नळावरची? म्हणतील, सेक्रेटरीच्याच घरात मोटार." झालं. तत्त्व काकांचं होतं आणि जिना काकूंचा. काकांच्या नावाला आयुष्यभर डाग लागला नाही, आणि त्यासाठी काकू प्रत्येक पाण्याच्या दिवशी घागरी वर चढवत राहिल्या. दोघं मिळून संसार केला म्हणतात तो असा.

रूपाली नर्स झाली, पुण्यात नोकरीला लागली आणि बरोबरच्याच एका केरळी मुलाशी लग्न करून त्रिशूरला गेली. तिच्या बाळंतपणाला काकू तिकडे जाऊन राहिल्या. पहिल्या दिवशी पहाटे उठून त्यांनी लेकीच्या स्वयंपाकघरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं. कुकरसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रूपालीच्या सासूबाईंना वाटलं, बाळंतिणीच्या घरात मराठी लोकांचा हा काहीतरी विधी असणार. त्या बिचाऱ्या अंघोळ करून, ओले केस सोडून, मदतीला येऊन उभ्या राहायला लागल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. दोघी मिळून मुकाट्यानं वाट्यासुद्धा भरायच्या. रूपाली फोनवर मला हे सांगताना हसत हसत रडायला लागली होती.

त्या घराच्या परसात विहीर आहे. तिकडे घरोघरी असते म्हणे. काकू परत आल्यावर मला म्हणाल्या, "वैशू, वाकलं की हाताला पानी लागतंय बघ. मी काटावर बसायची. नुसती बसायची."

"कंटाळा नाही आला?"

"आदी भ्या वाटलं. हाताला काय कामच न्हाय म्हटल्यावर मानसाला भ्या वाटतं की. मग गेलं भ्या." जरा वेळानं त्या पुढे म्हणाल्या, "मला वाटायचं मी अशीच हाय. घाईची. तितं कळलं, मी तशी न्हाय."

गेल्या उन्हाळ्यात जिन्यात त्यांचा पाय घसरला. घागर आधी गेली, मागून त्या. मणक्याला मार बसला. डॉक्टरांनी सांगितलं, यापुढे ओझं उचलायचं नाही, अजिबात नाही. काका घाबरले होते, खोटं कशाला बोलू. रात्रंदिवस उशाशी बसले. आणि मग त्यांनी काकूंची सोय केली. सोय म्हणजे काय, तर कॉलनीतल्या बायकांना विनंती केली की पाळीपाळीनं एकेकीनं आमच्या घरचं पाणी भरून द्यावं. बायकांनी ते केलं, मीही केलं. स्वतः काका त्या वेळात रस्त्यावर, "आलं होऽऽ" करत.

एका दुपारी मी त्यांच्याकडे बसले होते. काकू पाठीवर पडून छताकडे बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "माजी आई गेली तवाबी पान्याचाच दिवस हुता."

मी खुर्ची जवळ ओढली.

"भावाचा फोन आला. मी लुगडं नेसून तयार. हे म्हनाले, पानी सुटलंय, एवडं भरून घे, पानी गेल्यावर निघू. मी भरलं. सगळं भरलं. आमी पोचलो तवर मानसं मातीवरनं परत यायला लागलीती." त्यांचा आवाज जराही हलला नाही. "तोंड दिसलं न्हाय आईचं. तवापास्नं मीच म्हनते, पानी गेल्यावर बोलू. दुसऱ्यानं म्हनायच्या आत आपनच म्हनावं."

इतकी वर्षं ज्या वाक्यावर आम्ही खिदळत होतो ते हे होतं.

त्यानंतर रूपालीनं सरळच सांगितलं. दोघं इकडे या, कायमचे. आमच्या घरामागेच एक बसकं घर भाड्यानं मिळतंय, जिना नाही, दारात विहीर आहे, दवाखाना जवळ आहे, नातू आहे. काकू त्याच दिवशी हो म्हणाल्या. काकांनी नाही म्हटलं नाही. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. ते म्हणाले, "विचार करू." आणि मग त्यांनी महिनोन् महिने विचार केला. तिकडं ज्वारी मिळते का? भाषेचं काय? एवढा पाऊस सोसेल का? मी गेल्यावर कॉलनीचं कोण बघणार? दर आठवड्याला नवी शंका, आणि दर आठवड्याला काकू हळूहळू, कठड्याला धरून, अर्धीच का होईना पण घागर घेऊन पुन्हा जिन्यात. बायकांच्या पाळ्या एव्हाना आटल्या होत्या. उपकार थोडे दिवस टिकतात.

शेवटी काकांनी काय करावं? चार जाणती माणसं घरी बोलावली, सल्ला घ्यायला. मी काकूंना चहा करायला मदत करत होते, त्यामुळे सगळं ऐकलं. एक म्हणाले, "लाइफस्टाइल चांगली म्हणून काय आपली माती सोडायची?" त्यांची दोन्ही मुलं हैदराबादला आहेत आणि स्वतःच्या घरी बोअर आहे. दुसरे म्हणाले, "अहो, इथं माणसं आहेत. मेलात तर खांदा द्यायला चौघं येतील." तिसरे म्हणाले, "जावयाच्या गावात जाऊन राहायचं?" सगळे काकांना विचारत होते, काकांना सांगत होते. काकू ट्रे घेऊन त्यांच्या मधून फिरल्या, कप वाटून आत आल्या, आणि बाहेरच्या एकाही माणसाला सुचलं नाही की हिला विचारावं. माझं डोकं फिरलं. मी रिकामा ट्रे हातात घेऊनच बाहेर गेले आणि म्हटलं, "ज्यांनी आपल्या घरचं पाणी कधी वर चढवलंय त्यांनीच बोला. बाकीच्यांनी चहा प्या." काका म्हणाले, "वैशाली, तू लहान आहेस." चाळिशी उलटली माझी.

त्याच बैठकीत, सगळ्यांच्या देखत, काकांनी त्रिशूरच्या घरमालकाला फोन लावला. म्हणाले, एकदा सोक्षमोक्ष लावू. मालक बरीच वर्षं आखातात राहिलेला, त्याला हिंदी येत होतं. काकांनी स्पीकर चालू केला.

"वो सब ठीक है जी. तुम्हारे में पानी कितने दिन के आड आता?"

पलीकडचा माणूस गोंधळला. मग, "पानी? पानी है."

"है, वो मालूम है. आता कब?"

"आता नहीं, साब. है."

"रोज आता?"

"नहीं नहीं. आता नहीं. पानी है!"

काकांनी फोन ठेवला आणि विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडे बघितलं. "ऐकलंत? माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय, पाणी येतच नाही." चौघांनी माना डोलावल्या. हसू नका. जन्मभर ज्यांच्याकडे पाणी 'येतं' किंवा 'जातं', त्यांना पाणी नुसतं 'असतं' हे वाक्यच समजत नाही. त्या खोलीतल्या एकालाही समजलं नाही. मलासुद्धा क्षणभर वाटलं, अरे देवा, तिकडेही पाणी नाही!

काकू दारात उभ्या होत्या. त्या हसल्या. मोठ्यानं, तोंडाला पदर न लावता. म्हणाल्या, "अवो, येत न्हाय म्हंजे, गेलेलंच न्हाय ते!"

मग हसू ओसरलं आणि चेहरा असा झाला की मी ट्रे खाली ठेवला. म्हणाल्या, "माजं तिकीट काडा. तुमाला यायचं असंल तर दोन काडा."

"अगं, पण आपण विचार करतोय ना?"

"तुमी करा की. मी इचारत न्हाय, सांगतीया."

माणसं चहा न संपवता उठली. पुढे काय काय झालं ते सगळं सांगत बसत नाही. काकांनी अबोला धरला, मग समजूत काढली, मग छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात जाऊन आले. ते सगळं ठीक निघालं. काकूंनी त्यांची सेवा केली, पथ्य सांभाळलं आणि तिकीट रद्द केलं नाही. रूपाली न्यायला येते म्हणाली, तर तिला म्हणाल्या, "रजा कशाला मोडतीस, मी काय हरवतीया व्हय?" मी एकदा भीत भीत विचारलं, काकांचं काय होईल? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो प्रश्न परत कधी विचारला नाही. पण उत्तर दिलं. "त्यांना रस्ता म्हाईत हाय, वैशू. दार उगडंच हाय तितं. मला उचलायला कुनी आलं नव्हतं, मी जिन्यात पडले तवा."

स्टेशनवर मी आणि काका सोडायला गेलो होतो. खालचा बर्थ, खिडकीजवळचा. सामान थोडंच, एक बॅग आणि एक शिदोरी. काकू खिडकीशी बसल्या होत्या. काका गज धरून फलाटावर उभे होते. काहीतरी बोलतील असं मला वाटत होतं. इतक्या वर्षांनी माणूस एखादा शब्द तरी बोलेल. चूक झाली म्हणू नये, पण सांभाळून जा तरी म्हणावं. मीही येतो मागून, एवढं म्हटलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते.

इंजिनचा भोंगा झाला. काका गजांना तोंड लावून म्हणाले, "अगं ए, उद्या पाणी आहे. आधी कुठलं भरायचं?"

पाण्यासाठी जन्म घालवलेला सेक्रेटरी. त्याला स्वतःच्या घरात आधी कुठलं भांडं भरतात हे ठाऊक नव्हतं.

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग समोरच्या बाईला म्हणाल्या, "जरा सरका की," पाय वर घेतले, आणि खिडकीकडे पाठ करून बसल्या. गाडी हलली. काका चार पावलं बरोबर चालले आणि थांबले.

परत येताना रिक्षात काका बाहेर बघत बसले होते. आमची गल्ली आली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाले, "वैशाली, तू भरत होतीस ना मधे आमच्याकडे. तुला माहीत असेल. आधी कुठलं भरायचं?"

मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.